परिशिष्टातलं नाव

७ फेब्रुवारी, शनिवार

कॉलेज तपासायला आलेली कमिटी गेली एकदाची. दुपारी गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि संध्याकाळच्या आत भाड्याच्या कुंड्या टेम्पोत चढल्यासुद्धा. लाल गालिचा मंडपवाल्याचा, तोही गुंडाळला. कॉलेज परत होतं तसं.

आमच्या डिजिटल संग्रहाचं कौतुक झालं. विद्यार्थ्यांचे एम.ए.चे प्रकल्प, प्राध्यापकांचे लेख, जुने वार्षिकांक, सगळं नेटवर. कुणीही उघडावं, वाचावं. कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, एवढ्या लहान कॉलेजात हे केलं कुणी? प्राचार्य (यापुढे प्रा., पूर्ण लिहायला हात दुखतो) म्हणाले, "टीमवर्क." टीम म्हणजे ग्रंथपाल म्हणून मी आणि आमचे शिपाई दिलीपभाऊ. स्कॅनरपाशी वाकून त्यांची कंबर गेली, माझे डोळे.

खरं कारण कमिटीला सांगितलं नाही. तळमजल्यावरच्या लेडीज टॉयलेटात काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेल्या प्रकल्पांचे गठ्ठे भरलेले होते. वर्षानुवर्षं. बाहेरून कुलूप. जायचं तर दोन जिने चढा. मला ते टॉयलेट मोकळं हवं होतं आणि गठ्ठे रद्दीत जाऊ द्यायचे नव्हते. म्हणून संग्रह. दिलीपभाऊ शेवटचा गठ्ठा बाहेर काढताना म्हणाले होते, "मॅडम, आठे तं बठ्ठी वाळवी शे." वाळवीने मराठी विभागाचा बराच अभ्यास केला होता.

आज लवकर झोपणार.

९ फेब्रुवारी, सोमवार

प्रा. स्वतः लायब्ररीत आले. म्हणजे काहीतरी काढायचं असणार.

"मॅडम, ते संग्रहाचं... आपलं काम झालं ना आता. बंद ठेवलं तरी चालेल."

का, म्हटलं.

"उगाच बाहेरचे लोक बघतात."

बघायलाच ठेवलाय. तर म्हणे, पासवर्ड टाका, आपल्यापुरतं राहू द्या. मी धोरणाचा कागद दाखवला. 'संग्रह सर्वांसाठी कायम खुला राहील', खाली त्यांचीच सही.

"ते कमिटीपुरतं होतं हो," म्हणाले आणि हसले. मी हसले नाही.

आमच्याकडे कमिटीपुरतं बरंच असतं. थंड पाण्याचं मशीन, सूचनापेटी, अपंगांसाठीचा उतार (उताराच्या टोकाशी आता पुन्हा एका सरांची मोटरसायकल). पण मी कमिटीपुरती नोकरी करत नाही. निवृत्तीला दोन वर्षं आहेत, ती पूर्ण करणार आहे, आणि संग्रह उघडा ठेवून करणार आहे.

म्हटलं, "बंद करायचा तर लेखी द्या, सर."

गेले. लेखी काही यायचं नाही. या इमारतीत कुणी कुणाला लेखी देत नाही, सगळं 'बघून घ्या' वर चालतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कोणता प्रकल्प किती उघडला जातो ते संगणकावर दिसतं. प्राध्यापकांचे लेख कुणी उघडत नाही, ते स्वतःही नाही. पण एक प्रकल्प सारखा उघडला जातोय. काजलचा. गेल्या वर्षी एम.ए. अर्थशास्त्र करून गेली ती रावेरची मुलगी, लांब वेणी, परत द्यायच्या पुस्तकांना कायम उशीर. विषय, केळीच्या पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या बायका. रावेर, सावदा, भुसावळ, मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोय.

मी तो वाचलेला नव्हता. नाव, वर्ष, विषय भरायचा आणि पुढचा घ्यायचा, हे माझं काम. आज बसून वाचला.

मधल्या प्रकरणात एक बाई सांगतात: "घड येतात, त्याच्या फण्या करायच्या, टाक्यातल्या पाण्यात धुवायच्या, खोक्यात भरायच्या. दिवसभर हात पाण्यात. पण आम्ही सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि जायला जागाच नाही. बाप्ये जातात ट्रकच्या मागे. आम्ही घरी जाईपर्यंत धरून ठेवतो. दोघीतिघींना दवाखाना लागला."

वाचून चष्मा काढून ठेवला. मी दोन जिने चढायचे त्याची तक्रार करत होते.

इतकं साधं, इतकं खरं आपल्या कॉलेजातल्या मुलीने लिहून घेतलंय आणि ते वाळवीच्या तोंडातून वाचलं. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

प्रा.च्या केबिनमध्ये बोलावणं. समोर रावेरचे भाऊ. संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत, केळीचा मोठा व्यापार, स्वतःचं पॅकहाऊस. पांढरे कपडे, हळू आवाज. चहा मागवला गेला. चहा मागवला की समजावं.

"मॅडम, तुम्ही आम्हाला बहिणीसारख्या."

मला भाऊ आहे एक, धुळ्याला, पुरतो. हे मनात.

"ते केळीचं लिखाण काढून टाका. त्यात आमचं नाव नाही, मान्य. पण गावाचं आहे, आणि गावात पॅकहाऊस एकच आहे."

मी विचारलं, त्यात चुकीचं काही लिहिलंय का? असेल तर तसं लिहून द्या, तुमचंही म्हणणं प्रकल्पाशेजारी ठेवते.

"चूक-बरोबरचा प्रश्न नाही."

मग कशाचा आहे? त्यावर भाऊंनी प्रा.कडे पाहिलं, प्रा.नी चहाकडे. भाऊ शांतपणे म्हणाले, "त्या बाईचं नावसुद्धा मागे छापलंय तुम्ही. कमलबाई म्हणून. आम्हाला वाईट वाटलं. घरच्यासारखं वागवलं होतं तिला."

मी म्हटलं, बघते. बाहेर आले. कुठे छापलंय नाव? मी तर ते पान पाहिलंच नव्हतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. सुट्टी.

सापडलं. शेवटी परिशिष्ट. मुलाखत दिलेल्या सगळ्या बायकांचं नाव, गाव, वय, कोण काय बोललं. पानंच्या पानं.

काजलला फोन. ऐकताच रडायला लागली. "मॅडम, मी नावं देणार नव्हते. गाईड सर म्हणाले, परिशिष्ट लाव, प्रकल्प जाड दिसला पाहिजे. पातळ असला तर मार्क कापतात."

खरं आहे. आमच्याकडे प्रकल्प हातात तोलून बघतात. बाहेरचे परीक्षक येतात, अंगठ्याने पानं फरफर सोडतात आणि मार्क देतात. त्यामुळे प्रत्येक प्रकल्पाच्या शेपटीला अशी परिशिष्टं. तोपर्यंत ठीक होतं, कारण नंतर ते टॉयलेटात जायचे, कुणाच्या नजरेला पडत नव्हते. उघड्यावर आणले मी.

"कमलबाईंना कामाला बोलवत नाहीत आता," काजल म्हणाली. "भाऊंच्या पुतण्याने मोबाइलवर वाचलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तुम्ही येऊ नका."

बाकीच्या बायकांनी त्या दवाखान्याबद्दल, पाण्याबद्दल काही सांगितलेलं नाही. फक्त कमलबाई.

दोष माझा आहे. गाईडचाही आहे, पण तो आता त्यांच्यापाशी राहू दे. 'सर्वांसाठी खुला' म्हणून मी दंड थोपटत होते आणि कुणाचं काय उघडं पडतंय ते बघितलं नाही. दिवसभर स्वतःचा राग राग. मेहरूण तलावाला चक्कर मारून आले तरी गेला नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी पहिलं काम, परिशिष्टातल्या सगळ्या नावांवर काळी पट्टी. कमलबाईंच्या नावावर दोनदा पाहिलं, नीट झाकलंय ना. मग बाकीच्या प्रकल्पांची परिशिष्टं उघडून बसले. दिलीपभाऊ आणि मी, दिवसभर. अजून बरेच आहेत.

प्रा.ना जाऊन सांगितलं, नावं झाकली, चूक माझी होती. त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, "बघा, म्हणूनच मी म्हणत होतो. सगळंच बंद करा. असे किती धोके असतील."

म्हणजे माझी चूक यांना आयतीच मिळाली. म्हटलं, "सर, नावं झाकणं माझं काम होतं, ते केलं. बायकांना जायला जागा नाही हे झाकणं माझं काम नाही."

"मॅडम, तुमचा स्वभाव..."

स्वभाव आहे खरा.

२२ फेब्रुवारी, रविवार. धुळे.

देवपूरला नानाकडे. नाना माझा थोरला भाऊ, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त, आता दिवसभर पेपर आणि माझी थट्टा. वहिनीने कळण्याची भाकरी, ठेचा. सगळं सांगितलं.

नाना म्हणाला, "दोन वरीस राहिनात तुना. तुले काय पडनं शे?"

जेवलो. पांझरेच्या पुलापर्यंत चालत गेलो. परतताना त्यानेच विचारलं, "ती बाई खरं बोलनी का?"

हो.

"मंग तू कसाले घाबरस?"

मी घाबरत नाही, म्हटलं. तो हसला. लहानपणापासून त्याला माझं खोटं कळतं. घाबरते. चौकशी, निलंबन, पेन्शन अडकणं, हे सगळं मी दुसऱ्यांचं पाहिलेलं आहे. स्वतःचं पाहायची हौस नाही. पण घाबरून संग्रह बंद केला तर उरलेली दोन वर्षं त्या खुर्चीत कशी बसणार?

२५ फेब्रुवारी, बुधवार

प्रा.: काढा.
मी: लेखी द्या.
प्रा.: तुम्ही समजून घेत नाही.
मी: समजलं म्हणूनच लेखी मागतेय.

स्टाफरूममध्ये बातमी गेलीय. गाईड सर जिन्यात भेटले तर जिना बदलून गेले. एक-दोघी हळूच म्हणाल्या, छान करताय. मोठ्याने म्हणा की, म्हटलं, तर तास सुरू व्हायची घंटा झाली.

७ मार्च, शनिवार

उद्या महिला दिन रविवारी येतो म्हणून आजच उरकला. प्रत्येकीला गुलाब. प्रमुख पाहुणे भाऊ. 'स्त्री ही घराचा कणा' यावर बोलले, चांगलं बोलतात. माझ्या हातात गुलाब देताना म्हणाले, "झालं का ते काम?" नाही, म्हटलं, आणि गुलाब घेतला. घ्यायला काय जातं.

उद्या रावेरला जायचं ठरवलं. माफी मागायची तर तोंडावर मागावी.

८ मार्च, रविवार. रावेर.

एसटीने गेले. स्टँडवर काजल. तिच्या स्कूटीवर मागे बसून कमलबाईंच्या गावाला. दोन्ही बाजूंना केळी, समोरून केळीच, ट्रॅक्टरवर.

कमलबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. शेजारच्या शेतात निंदणीला जातात आता. अंगणात खाट टाकली, पाण्याचा तांब्या दिला. मी पाठ करून गेले होते: चूक झाली, विचारायला हवं होतं, तुमचं नाव आता झाकलंय, कुणाला दिसणार नाही.

त्या ऐकत होत्या तोवर ठीक होत्या. नाव झाकलं म्हटल्यावर उठून उभ्या राहिल्या.

"तेच तं इचारायचं हाये तुम्हाले. माह्या नावाले काळं काऊन फासलं? मी काय चोरी केली का?"

काजलच्या मोबाइलवर त्यांनी ती पट्टी पाहिली होती. सगळ्या गावाने पाहिली होती.

"आधी लोक म्हनत, कमल बोलली. आता म्हन्तात, कमल फिरली. भाऊच्या पाया पडली, नाव काढून घेतलं. मी कोनाच्या पाया नाही पडली."

म्हटलं, तुमचं काम गेलं म्हणून.

"काम गेलं ते गेलं. काम दुसरीकडं भेटीन. मले त्या पोरीनं इचारलं, मी सांगतलं. जे हाये ते सांगतलं. ते माह्यं हाये का तुमचं?"

तुमचं, म्हटलं.

"मंग ठेवा तठी."

मी म्हटलं, परत टाकायचं तर तुमची परवानगी लेखी लागेल. हे बोलले आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आठवलं तरी कान गरम होतात.

"आता लेखी? तव्हा काऊन नाही मांगतलं?"

काजल जमिनीकडे बघत होती. चार आठवडे मी प्रा.च्या मागे लेखी, लेखी करत फिरतेय. कमलबाईंकडून ना काजलने मागितलं, ना गाईडने, ना मी. त्यांचं बोलणं सगळ्यांनी फुकट उचललं.

मग बसलो. मी धोके सांगितले, एकही लपवला नाही. भाऊ आणखी त्रास देतील, दुसरीकडेही काम अडवतील, मी वाचवू शकेन असं नाही, माझीच खुर्ची हलतेय. त्यांनी सगळं ऐकलं. मग माझ्या फोनमध्ये स्वतःच्या आवाजात बोलल्या, नाव, गाव, आणि: "हे मी बोलली. माह्यं नाव काढू नका." मी लिहिलेल्या परवानगीच्या कागदाखाली सहीही केली. बाकीच्या बायकांची नावं मात्र झाकलेलीच ठेवायची, त्यांनी सांगितलं. "त्या नाही बोलल्या. त्याइच्यावर कशाले?"

निघताना केळीची फणी दिली. मांडीवर घेऊन आले, एसटीत डुलक्या घेत.

९ मार्च, सोमवार

कमलबाईंची पट्टी काढली. त्यांचा आवाज प्रकल्पाशेजारी ठेवला, कुणीही दाबून ऐकावा असा. आता तिथे तीन गोष्टी आहेत: काजलचं लिखाण, कमलबाईंचं बोलणं, आणि एक रिकामी जागा, 'पॅकहाऊसचालकांचे म्हणणे (अद्याप प्राप्त नाही)'. भाऊंना पत्र पाठवलं, तुमचं म्हणणं द्या, जसंच्या तसं ठेवते. मनापासून पाठवलं, टोमणा नाही. थोडा टोमणा.

धोरणात नवी ओळ घातली: माणसाचं बोलणं ठेवण्याआधी त्या माणसाला विचारलं जाईल. ही ओळ आधी का सुचली नाही याची लाज वाटते. प्रा.च्या सहीसाठी पाठवली. आली नाही परत.

११ मार्च, बुधवार

आलं. लेखी आलं.

'सदर प्रकल्प तात्काळ हटवावा. संग्रह पुढील आदेशापर्यंत बाहेरील व्यक्तींसाठी बंद करावा. ग्रंथपालांनी आपल्या वर्तनाचा खुलासा सादर करावा.' जावक क्रमांक, शिक्का, सही. इतक्या वर्षांत प्रा.नी लेखी दिलेला बहुधा पहिलाच आदेश. म्हणजे भाऊ केबिनमध्ये ठाण मांडून बसले असणार.

खरं सांगायचं तर, लेखी द्या, लेखी द्या म्हणत होते तेव्हा मनातून खात्री होती की देणार नाहीत. त्या खात्रीवरच माझी सगळी हिंमत उभी होती. आता कागद आला तर मी कोण, हा प्रश्न.

टॉयलेटात जाऊन तोंड धुतलं. तळमजल्यावरच्या. मग खुलासा लिहायला बसले. दोन ओळी झाल्या: मी हटवणार नाही. हटवायचं असल्यास संचालक मंडळाच्या बैठकीत कमलबाईंना बोलवून, त्यांच्यासमोर ठरवावं.

आणि प्रा.चा आदेश संग्रहात ठेवला. 'सर्व परिपत्रके संग्रहात ठेवावीत', कमिटीला आवडेल म्हणून त्यांनीच घालायला लावलेलं कलम. दिलीपभाऊंनी स्कॅन केला, शिक्का नीट यावा म्हणून दोनदा. म्हणाले, "मॅडम, आते बठ्ठा लोके वाचतीन." वाचू देत.

१२ मार्च, गुरुवार

बाहेरून संगणकवाला बोलावलाय. माझ्याशिवाय कुणाला पासवर्ड माहीत नाही, तर म्हणे संग्रह ज्यावर आहे ते मशीनच तो बंद करून नेणार. प्रा.चा निरोप: दुपारनंतर येईल, सहकार्य करावं. खुलाशाला उत्तर नाही. मंडळाच्या बैठकीचंही काही नाही. चौकशी लागेलसं दिसतं. नानाला फोन केला, तो म्हणाला, उद्या येतो. नको म्हटलं. तरी येईलच.

लायब्ररीत परीक्षेची मुलं बसलेली. फोन वाजला, काजलचा नंबर, बोलल्या कमलबाई. मागे बायकांचा गलका, निंदणीची जेवणाची सुट्टी असावी.

"ताई, हाये का माह्यं नाव?"

आत्ता आहे, म्हटलं.

"आन् उद्या?"

उद्याचं सांगता येत नाही. मशीन न्यायला माणूस येतोय.

त्या म्हणाल्या, "आमच्यातल्या पुष्कळ जनीइले वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवा ना. आताच."

लायब्ररीत मोठ्याने बोलू नये, ही पाटी माझ्याच डोक्यावर आहे. उघडलं पान आणि वाचायला सुरुवात केली. घड, फण्या, टाक्यातलं पाणी. मुलांनी माना वर केल्या. एकीने पेन खाली ठेवलं. दिलीपभाऊ कपाटापाशी थांबले. "सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही" पाशी थांबले नाही, वाचत राहिले, शेवटी कमलबाईंच्या नावापर्यंत.

काचेच्या दारातून प्रा. येताना दिसले. सोबत बॅग घेतलेला एक जण. दिलीपभाऊ दाराकडे गेले आणि दारातच उभे राहिले, नुसते उभे.

फोनमध्ये कमलबाई कुणाशी तरी बोलत होत्या. मग मला म्हणाल्या, "ताई, पुन्हा वाचा. मांगच्या बायाइले ऐकू नाही आलं."

मी उभी राहिले आणि पहिल्यापासून वाचायला लागले.